सुई न लागलेला टप

“सुई खाली ठेव. आधी खाली ठेव, मग तोंड उघड.”

आतोबा विहिरीच्या काठावरून ओरडले आणि तिकडे प्रवरेच्या पुलावर मनमाडच्या एस.टी.ने ब्रेक दाबला, असं कोल्हारात पुढे वर्षभर सांगत होते. मी फक्त त्यांच्या मोटारीच्या टपाला पडलेली बोटभर चीर शिवून द्यायला निघालो होतो. माझ्या आत्याचे हे यजमान विंचू चिमटीत धरून कुंपणापलीकडे सोडून येत, पण मोटारीच्या दहा हातांत सुई दिसली की त्यांना घाम फुटे. साऱ्या नगर जिल्ह्यात सुईला एवढा भिणारा दुसरा माणूस झाला नाही. आणि ते भिणं किती रास्त होतं, हे माझ्याइतकं कुणाला कळलंही नाही.

मोटार कापडी टपाची, छत मागे दुमडून ठेवता येणारी. नगरच्या कँपातल्या लिलावात ती त्यांनी घेतली, तेव्हाच टपाचं कापड तव्यावर विसरलेल्या पापडासारखं झालेलं. त्याच श्रावणात आत्याला शेजारी बसवून ते आमच्याकडे पुणतांब्याला निघाले. टप असा गळला की बाहेरचा पाऊस थांबल्यावरही आतला अर्धा तास चालू होता. आत्याच्या नव्या इरकली लुगड्याने रंग सोडला आणि ती आमच्या दारात कोपरापर्यंत निळी होऊन उतरली. “यातला थेंब बंद झाला की बसेन,” एवढंच म्हणाली. पुढची अकरा वर्षं ती माहेरी आली ती एस.टी.नेच. मागून आतोबा, एकटे, मोटारीत. शेजारच्या सीटवर आत्याची पिशवी.

कंडक्टर विचारायचा, “मामी, घरची गाडी मागं येती हाय अन् तुमी हितं उभ्या. लई भांडान झालं व्हय?”

“भांडण नाही रे. लुगडं चांगलं आहे.”

ती अकरा वर्षं आतोबांनी टपाखाली काढली. भर दुपारी टप चढवायचा, काचा लावायच्या आणि आत भट्टीत बसून वर बघत राहायचं. उजेडाचा ठिपका दिसला की खडूने गोल. त्याला ते तारा म्हणत. मग टपाच्याच जातीच्या कापडाचं ठिगळ, तेही गोलच, कारण कोपरा असला की तिथून उचकटतं. ते सायकलच्या सोल्यूशनने आतल्या बाजूने चिकटवायचं, त्यावर आत्याचं लाटणं फिरवायचं. आत्या पोळ्या लाटायला बसली की लाटण्यासाठी हाका मारायची आणि आतोबा मोटारीतून म्हणायचे, “माझी एक उरलीय.” सुई मात्र नाही. “एक भोक बुजवायला चाळीस नवी पाडायची, हा कुठला उद्योग?”

दुष्काळ पडला. दोन वर्षं आभाळात रुमालाएवढाही ढग नाही, पण आतोबांचे तारे मोजणं चालूच. पारावरचे विचारत, “आतोबा, पाऊस न्हाई, पानी न्हाई. टप कशापायी शिवताय?”

“शिवत नाही. चिकटवतोय.”

त्यातल्याच एका उन्हाळ्यात मित्राच्या वरातीसाठी मी मोटार मागून नेली. बाभळीखालून काढताना एक फांदी टपात रुतली आणि डाव्या सीटच्या बरोबर वर वीतभर फाडून गेली. संध्याकाळपर्यंत गाडी पोचवायची होती. डिकीतली सोल्यूशनची ट्यूब उन्हाने वाळून खडा झालेली. मी सुई घेतली. दाट, बारीक, चाळीस टाके घातले आणि वरून, खालून काळं बूटपॉलिश चोपडलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आतोबा टपाखाली बसले. मी बाहेर उभा. पॉलिशने सगळी भोकं बुजली होती. बऱ्याच वेळाने ते घामाने निथळत उतरले आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले, “अहो, ऐकलंत का. एकही तारा नाही.” इतक्या वर्षांत त्यांचा आवाज इतका हळू मी ऐकला नव्हता. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण पाऊस कुठे होता? आणि पुढे सांगू म्हणता म्हणता वर्ष गेलं.

पुढच्या आश्विनात तो आला, धो धो. त्या दिवशी आत्या आपणहून मोटारीत बसली. पिशवी मांडीवर घेऊन, डाव्या सीटवर.

पुणतांब्याला मी दारातच होतो. ती उतरली तेव्हा खांद्यापासून पदरापर्यंत काळ्या थेंबांची माळ ओघळत होती. पदर झटकत ती आतोबांना म्हणाली, “पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी आहे हो.” आतोबांनी टपाला आतून बोट लावलं. काळं झालेलं बोट पाहत ते पावसात उभे राहिले. मी चहाचं बघायला आत गेलो.

परतीचं एस.टी.चं तिकीट आतोबांनीच काढून आणलं. त्यानंतर कुणी त्यांना टपाखाली बसलेलं पाहिलं नाही. गोठ्यात मोटार उभी राहिली, मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या, आणि लाटणं स्वयंपाकघरात परत गेलं ते कायमचं.

आत्या गेली. त्यानंतर वर्षाने मी कोल्हारला गेलो, तर आतोबा ओसरीवर गहू निवडत बसले होते. मीही समोर बसून खडे वेचू लागलो. सूप अर्धं झाल्यावर कसंबसं म्हणालो, “आतोबा, टपाचे ते चाळीस टाके माझे होते.”

त्यांनी वर पाहिलं नाही. एक खडा उचलून अंगणात टाकला.

“बेचाळीस,” म्हणाले.