सोयाबीनचा बुधवार

मी सोयाबीनचा प्रचार केला तो मला बांगडे खायला मिळावेत म्हणून. देशाची प्रकृती सुधारावी असं मला वाटत नव्हतं असं नाही, पण तो हेतू दुसऱ्या नंबरावर होता.

आमचं घर मालवण तालुक्यातल्या तोंडवलीला, समुद्राच्या अगदी काठावर. आणि माझी नोकरी आंबोलीला, घाटमाथ्यावर. तिथल्या हायस्कुलात मी विज्ञान शिकवायचो आणि भाड्याच्या खोलीत एकटा राहायचो. पावसाळ्यात तिथे सदरा भिजला की तो थेट दिवाळीला वाळतो (खोटं वाटत असेल तर एक सदरा घेऊन जाऊन बघा!). पण पावसाबद्दल माझी काही तक्रार नव्हती. तक्रार होती ती मासळीची. मालवणहून निघालेला बांगडा एस.टी.च्या टपावरून घाट चढून वर येईपर्यंत त्याची अशी अवस्था व्हायची, की तो खाण्यापेक्षा त्याला अग्नी द्यावा. इकडे तोंडवलीला माझी आई आणि बायको शालिनी रोज ताजं खात होत्या, आणि काय खाल्लं ते मला पत्राने सविस्तर कळवत होत्या.

तशातच दिल्लीच्या सरकारने ठरवलं की देशातल्या प्रत्येक माणसाने चौरस आहार घेतला पाहिजे, तो स्वस्त असला पाहिजे, आणि घराजवळ जे पिकतं ते ताटात आलं पाहिजे. त्यासाठी आम्हा मास्तरांचं एक शिबिर झालं. शिबिरातून मी एक रंगीत तक्ता, सोयाबीनच्या पिठाची भलीमोठी पिशवी आणि एक अत्यंत महत्त्वाची बातमी घेऊन परतलो. प्रत्येक तालुक्याला एक आहार प्रचारक नेमायचा होता. त्याला शाळेतून मोकळं करणार होते. आणि मालवण तालुक्याची जागा रिकामी होती!

माझ्याइतका लायक माणूस त्या जागेला मिळणार नाही, हे मला माहीत होतं. ते फक्त सरकारला कळायचं बाकी होतं. मी अर्ज केला, आणि उत्तर आलं की दिल्लीहून एक मोठ्या बाई येतील, तुमच्या घरचा आदर्श स्वयंपाक बघतील, जेवतील आणि मग ठरवतील.

बाई येणार होत्या सोमवारी, म्हणून मी रजा घेऊन तोंडवलीला आलो. सोमवारी आमच्याकडे तसंही मासे नसतात, तेव्हा घरातून कोणाचा विरोध नव्हता. पण आयत्या वेळी निरोप आला की बाई बुधवारी येतील. तिथून सगळं बिघडलं.

"बुधवारी पावण्याक शिवराक वाढतलंस?" आईने विचारलं. शिवराक म्हणजे बिनमासळीचं जेवण. आमच्याकडे ते दोनच प्रसंगी शोभतं, एक उपासाला आणि दुसरं सुतकात. लोक काय म्हणतले, ही आईची मुख्य चिंता. मी तिला समजावलं की दिल्लीच्या बाई म्हणजे शाकाहारीच असणार (हे मला कोणी सांगितलं नव्हतं, मला ते आपोआप माहीत होतं), घरात मासळीचा वास जरी आला तरी मालवण हातचं जाईल, आणि मी जन्मभर आंबोलीला सदरे वाळवत बसेन. तेव्हा कुठे ती गप्प झाली.

बुधवारी सकाळी मी स्वयंपाकघराचा ताबा घेतला. सोयाबीनचे घावणे, सोयाबीनची आमटी, सोयाबीनचे लाडू! घावणे तव्यावरून निघेनात. तवा खरवडून आईने एक तुकडा तोंडात टाकला, खूप वेळ चावला, आणि म्हणाली, "शिरा पडली तुझ्या सोयाबीनार." (म्हणजे आग लागो त्याला.) मग ती मागच्या पडवीत जाऊन बसली. शालिनी ओली लाकडं फुंकून फुंकून डोळे पुसत होती.

एवढ्यात दारात पार्वती आली. ती आमची नेहमीची मासळीवाली. दर बुधवारी तिची पाटी सगळ्यात आधी आमच्या ओट्यावर उतरायची. मी तिला आज काही नको म्हणून सांगितलं.

"बांगडे आसत. फडफडीत."

मी एकदा पाटीकडे बघितलं, एकदा मनातल्या मनात आंबोलीकडे बघितलं, आणि काळजावर दगड ठेवून पुन्हा नको म्हणालो. पार्वतीने माझ्या पडलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं. आत वाकून डोळे पुसणाऱ्या शालिनीकडे पाहिलं. आईची रोजची जागा रिकामी होती, तिकडेही पाहिलं. मग तिने पाटी उचलली, आणि त्या दिवशी पुढच्या घरापाशी तिची आरोळी काही ऐकू आली नाही. कार्यक्रमाचं महत्त्व हिला बरोबर कळलं, असं मला वाटलं.

तासाभरात माणसं यायला लागली. पुरुष खांद्यावर पंचे टाकून, बायका डोक्यावरून पदर घेऊन. कोणी हसत नव्हतं की बोलत नव्हतं. सगळे मुकाट्याने ओट्यावरच्या सतरंजीवर बसले. आरोग्याच्या विषयाला एवढी गर्दी आणि एवढी शिस्त! मी भारावून गेलो. बाई यायला अवकाश होता, म्हणून मी तक्ता भिंतीला टांगला आणि भाषणाला सुरुवात केली.

"आपल्या शरीराची रोज झीज होत असते," मी म्हणालो. शेजारच्या बाबीने हुंदका आवरला. "ती वेळीच भरून काढली नाही, तर एक दिवस सगळंच संपतं." पार्वती पदर तोंडाला लावून रडायला लागली. माझ्या शिकवण्याचा एवढा परिणाम आंबोलीच्या मुलांवर कधी झाला नव्हता. मी प्रथिनांवर आलो, तेव्हा बाबीला राहवलं नाही. त्याने उठून मला घट्ट मिठी मारली.

"मास्तरा, धीर धर. म्हातारी सोन्यासारखी होती."

नेमकी त्याच वेळी, बाहेर गर्दी कसली म्हणून बघायला, म्हातारी हातात डाव घेऊन मागच्या पडवीतून आली. पार्वती ओट्यावरून खाली उतरली ती पायरी न वापरता. बाबीने मला सोडलं आणि खांबाला मिठी मारली.

"कोण मेला?" आईने विचारलं.

"तू," बाबी म्हणाला.

आईने क्षणभर विचार केला. "आणि माका कोणी सांगूक नाय?"

मग सगळा उलगडा झाला. मास्तर घरात असताना बुधवारी मासळी घेतली नाही, म्हणजे त्या घरात माणूस गेलेलं असणार. वाडीत याला दुसरा अर्थच नव्हता. "मगे मासळी कित्याक घेवक नाय?" असं सगळ्यांनी एका सुरात विचारलं. आई ह्याच प्रश्नाची वाट बघत होती. ती म्हणाली, "दिल्लीचो पावणो येतासा. माझ्या झिलान बंदी घातल्यान."

अख्खी सतरंजी माझ्याकडे वळली. मी सुतकी आहे हे त्यांनी समजून घेतलं असतं, पण मी पाहुण्याला उपाशी ठेवतोय हे त्यांना सहन होईना. वाडीच्या अब्रूचा प्रश्न होता. सगळे उठले आणि आपापल्या घरी गेले. मला हायसं वाटलं. मला वाटलं, रागावून गेले.

जीप आली. दिल्लीच्या बाई आणि त्यांच्याबरोबर आमच्या जिल्ह्याचे साहेब उतरले. मी पानं मांडली आणि घावणा वाढला. बाईंनी घास घेतला. त्या चावत राहिल्या. साहेबही चावत राहिले. त्या शांततेत मी प्रथिनांची माहिती देत होतो. तेवढ्यात पुढच्या दारातून बाबी आला, झाकलेला टोप घेऊन. त्याच्या मागे पार्वती. तिच्या मागे सगळी वाडी! तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं, तिसऱ्यांचं सुकं, कुळथाची पिठी, परड्यातला लाल माठ, उकड्या तांदळाचा भात, सोलकढी. वास खोलीभर पसरला. मी हात पसरून दारात आडवा झालो.

"बाई शाकाहारी आहेत!" मी ओरडलो.

"किसने कहा?" मागून बाईंचा आवाज आला.

बाई बंगालच्या होत्या. दिल्लीत ताज्या मासळीचं तोंड पाहून वर्षं झाली, असं त्या साहेबांना सांगत होत्या, आणि ते ऐकून मला त्यांच्याबद्दल सख्ख्या बहिणीसारखी माया वाटली. त्यांनी घावणा बाजूला सारला आणि पान नव्याने मांडून घेतलं. काटे कसे झरझर काढले म्हणून सांगू! आई समोर बसून त्यांना वाढत होती, आणि दोघींना एकमेकींची भाषा येत नसल्याचं कोणाच्या लक्षातही आलं नाही.

मीही माझं पान वाढून घेतलं. (घरात मी एकटाच उपाशी का राहू?) काम फत्ते झालं, मालवण मिळालं, याची मला खात्रीच होती. हात धुऊन बाई तक्त्यापाशी गेल्या आणि सगळ्यात खालची ओळ त्यांनी मला वाचायला सांगितली. मी खणखणीत आवाजात वाचली, "घराजवळ जे पिकतं, जे मिळतं, ते खा."

बाई साहेबांशी बराच वेळ बोलल्या. मग साहेबांनी मला मराठीत सांगितलं. बाई अतिशय खूश आहेत. सरकारला जे हवं आहे, ते ह्या गावात आधीपासूनच ताटात आहे. त्यामुळे किनाऱ्याला प्रचारकाची गरजच नाही. पण तुमच्यासारखा तळमळीचा माणूस वाया जाऊ नये, असं बाईंचं मत आहे. जिथे मासळी पोचत नाही, तिथे तुम्हाला नेमावं म्हणतात.

"जिल्ह्यात असं गाव आहे का हो एखादं?" साहेबांनी विचारलं.

मी तक्ता गुंडाळायला घेतला. पण आईला आपल्या मुलाचा उत्कर्ष दिसत होता. "आंबोली आसा मां," ती अभिमानाने म्हणाली. "आमचो मास्तर थंयच आसता."

मालवणच्या जागेवर शेवटपर्यंत कोणालाच नेमलं गेलं नाही. आंबोलीच्या जागेवर मात्र मी कितीतरी वर्षं होतो, आणि जागा शाळेच्याच गावची म्हणून शाळेतून मोकळं काही कोणी केलं नाही. सरकार पिशव्यांमागून पिशव्या पाठवत होतं आणि नमुन्यादाखल का होईना, ते पीठ प्रचारकाला स्वतः खावं लागे. बुधवारी माझा घावणा चावून व्हायच्या आधीच मधली सुट्टी संपायची. माझा चेहरा बघून शाळेचा शिपाई काळजीने विचारायचा, "मास्तरांनू, घरची सगळी बरी आसत मां?"

"बरी आहेत," मी म्हणायचो, "बांगडे खातायत."