पळणारी पोरगी
मुरगळलेल्या पायाला चोळायच्या मलमाचा वास आला की मला उदगीरचं ते मैदान आठवतं. मुलींच्या फुटबॉलचा अंतिम सामना होता, उन्हानं काळी माती तापली होती आणि जिच्या पळण्यावर आमचा सगळा खेळ चालायचा, तीच घरी होती. "लई पळती पोरगी," तिचे वडील आदल्या दिवशी म्हणाले होते, "उद्या लोक म्हनतील, पळाली." आमच्या गावात मुलीबद्दल हा शब्द निघाला की त्याचा एकच अर्थ होतो. समोरच्या मुली खिदळल्या, "इंजन न्हाई, नुसते डबे आलेत गं!" आमची कर्णधार म्हणाली, "बॉलला पळवा. त्याचं लगीन ठरवायचं न्हाई कुनाला." छोटे छोटे पास देत आम्ही एका गोलने जिंकलो आणि चषक घेऊन थेट तिच्या घरी गेलो. वडील हसले, "बघा, हिच्याबिगर जिंकलात की!" मी म्हणाले, "हाव काका, जिंकलो. आता हरलो तरी चालंल, पन हिला घेऊनच खेळनार." ते दारातून बाजूला सरले, ती आतून बूट घेऊन बाहेर आली. पळणारीशिवाय संघ जिंकतो, हे मी पाहिलंय. तरी त्या चषकाला मी आजही आमचा म्हणत नाही.