चिठ्ठीत न आलेलं घर

सर्वेक्षणाचं खरं नाव गावात घ्यायचं नाही, हे काम चालवणाऱ्या सरांनी आम्हाला आधीच बजावलं होतं. कागदावर विषय होता घरगुती हिंसाचार. गावात सांगायचं, बायकांच्या तब्येतीची पाहणी. त्यात वावगं काही नव्हतं. नवऱ्याला खरा विषय कळला तर उत्तर देणारीचीच पाठ सोलून निघणार, एवढं मलाही कळत होतं. समाजकार्याची पदवी घेऊन मी नुकतीच रामनगरला घरी आले होते आणि जोयड्याच्या जंगलातली गावं फिरायला मिळणार म्हणून खुशीत होते. खुशीत! त्या विषयाला हा शब्द लावताना आज माझी मलाच चीड येते.

माझ्या वाट्याला अणशीकडच्या वाटेवरचं कुणब्यांचं एक गाव आलं. इकडची रीत अशी, की परक्या माणसाने आधी बुधवंताच्या, म्हणजे गावच्या प्रमुखाच्या अंगणात जायचं. तो हो म्हणाला की सगळी दारं उघडतात. मी गेले. म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "इचारा की. आमची सून दावंल तुमास्नी घरं. पण जेवायला हितंच यायचं, दुसरीकडं न्हाई."

सून माझ्याच वयाची. मला ती अक्का म्हणायची, मी तिला वैनी. हातात कोयती घेऊन ती पुढे चालायची, वाटेवर आलेली काटेरी फांदी छाटायची आणि मागे वळून मला हसायची, कारण माझी ओढणी दर दहा पावलांवर कुठेतरी अडकायची. भात कापून झालं होतं, खळी सारवून ठेवली होती, परसात कंद खणायचे दिवस होते.

घरं आम्ही निवडत नव्हतो. पंचायतीच्या यादीतल्या घरांच्या नंबरांच्या चिठ्ठ्या टाकून ती ऑफिसातच निघाली होती. ज्या घराची चिठ्ठी निघाली त्याच घरातल्या बाईला विचारायचं, शेजारणीला नाही. आणि विचारायचं ते एकटीला गाठून. आता सासू, जावा, पोरं यांनी भरलेल्या घरात बाई एकटी कुठून मिळायची? हा पेच वैनीने सोडवला. मी सगळ्यांसमोर पहिलं निवेदन वाचायचे: "उत्तर द्यायचं नसेल तर देऊ नका, काही हरकत नाही." ते संपलं, की वैनी सासूबाईंना म्हणायची, "आत्या, औंदा तुमचं कोनफळ केवढं आलंय दावा बगू." म्हातारी बाकीच्यांना घेऊन तुरुतुरु परसात जायची. कंदाचं कौतुक करून घ्यायला कुणाला आवडत नाही? तेवढ्यात इकडे त्या घरची सून माझ्यापाशी बोलायची. लाकडाने मारलेलं, उपाशी ठेवलेलं, पावसात दाराबाहेर काढलेलं सगळं मी खुणा करून लिहून घ्यायचे.

फॉर्मच्या शेवटी माझ्यासाठी एक रकाना होता: बाईच्या अंगावर मारहाणीच्या खुणा दिसल्या का. त्यासाठी आमची नजर तयार करून घेतली होती. दुपारच्या उन्हात लांब बाह्या, डावा हात वापरायची टाळाटाळ, बसताना कमरेला दिलेला आधार. मोठ्या हुशारीने मी हे सगळं टिपत होते. आणि माझ्यापुढे चालणारी वैनी भर उन्हात मनगटापर्यंत बाह्यांचं झंपर घालून होती. काटेरी कुंपणाची वई ओलांडताना ती मला नेहमी उजवाच हात द्यायची. एकदा मी विचारलं, तर म्हणाली, "काटं लागत्यात न्हवं." मी पुढच्या घराचा नंबर बघितला.

न दिसायला काय झालं होतं? दिसलं होतं. पण रोज दुपारी तिच्याच हातचा भात जेवत होते, तिचा नवरा स्वतः उठून मला पाट मांडत होता आणि म्हातारा मला लेक म्हणत होता. त्या घराकडे बोट दाखवलं असतं तर गावातली बाकीची दारं बंद झाली असती, माझं काम अर्धवट राहिलं असतं. मी डोळ्यांवर कातडं ओढलं. याला दुसरा शब्द नाही.

शेवटच्या दिवशी ती मला बसपर्यंत पोचवायला आली. झाडाखाली उभ्या होतो. तिने विचारलं, "अक्का, एकांदा कागूद उरलाय काय?"

"एक उरलाय."

"मग मला इचारा की. सगळ्यास्नी इचारलासा."

मी हसले. खरंच हसले. म्हटलं, "वैनी, तुमचं घर चिठ्ठीत आलं नाही. उगीच लिहिलं तर सर रागावतील." ती व्हय म्हणाली. बस आली, मी चढले. उरलेला कोरा फॉर्म मी ऑफिसात जमा करायला विसरले. तो माझ्या पिशवीतच राहिला.

वर्षाने आम्ही अहवाल घेऊन पुन्हा त्याच अंगणात गेलो. सरांनी पद्धतीचं कौतुक केलं: निवड कशी काटेकोर, कुठे पक्षपात नाही. बुधवंत समाधानाने म्हणाला, "आमच्या गावाचं नाव चांगलं लिवलासा न्हवं?" वैनीच्या नवऱ्याने मला खुर्ची दिली. वैनी चहा घेऊन आली. ताटात मांडून नाही, एकेक कप आणत होती. डावा हात कोपरातून वाकडा सांधला होता, सरळ होत नव्हता.

पाणी मागायच्या निमित्ताने मी तिच्यामागे स्वयंपाकघरात गेले. पिशवीतून तो चुरगळलेला फॉर्म काढला, पेन काढलं. लाज वाटत होती, तरी काढलं. विचारलं, "वैनी, हात कशाने मोडला?"

तिने आधी मला तांब्याभर पाणी दिलं. मग फॉर्मकडे बघितलं.

"तुमीच तर घरोघरी वाचून दावत हुतासा, अक्का," ती म्हणाली, "उत्तर द्यायचं नसलं तर देऊ नका, काय हरकत न्हाई."

आणि उरलेले कप घ्यायला ती चुलीकडे वळली.