संताच्या गाडीची थरथर

फिदेन्सियो आर्मेन्दारिसला दोन गोष्टी सहन होत नसत. खूण न करता शाफ्ट उतरवणारा मेकॅनिक आणि स्वतःचा धाकटा भाऊ अबुन्दियो. पहिल्याबद्दल तो तोंडभरून बोलायचा. दुसऱ्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही, पण आरोयो सेकोच्या वस्तीत ते सगळ्यांना ठाऊक होतं. अबुन्दियोचं नाव निघालं की फिदे हातातला पाना खाली ठेवून हात पुसायला लागायचा, आणि ते हात काही केल्या स्वच्छच होत नसत.

फिदेचं गॅरेज म्हणजे बापाच्या अंगणातलं मेस्कीतचं झाड, त्याखाली खणलेला खड्डा आणि वर चार पत्रे. त्यात त्याची उभी हयात गेली. अबुन्दियो मात्र सरहद्दीपलीकडे, टेक्सासात, राहून आला. येताना चाकं तोलायचं मशीन घेऊन आला आणि हमरस्त्याला लागून त्याने दुकान थाटलं. चाक गरगर फिरायचं, लाल आकडे पेटायचे आणि गिऱ्हाईक टोपी काढून बघत राहायचं. मशीनचं फिदेला एवढं काही नव्हतं. त्याचा जीव जळायचा तो दुकानातल्या कूलरवर. कारण त्या कूलरसमोर एक प्लास्टिकची खुर्ची होती, आणि त्या खुर्चीत आता त्यांचा बाप बसायचा.

एव्हारिस्तो म्हातारा, मुलांचा आपा, पूर्वी मेस्कीतखाली उलट्या बादलीवर बसायचा. खड्ड्यात फिदे, वर आपा. पाना मागितला की पाना मिळायचा, आणि न मागता शिव्या मिळायच्या. आता बादली तेवढी राहिली होती. एकदा एक गिऱ्हाईक सहज तिच्यावर टेकलं, तर फिदे खड्ड्यातून ओरडला, "ती बसायची नाहीये!"

"मग कशाची आहे?" गिऱ्हाईकाने विचारलं.

त्या माणसाच्या गाडीचं तेल फिदेने जरा घाईनेच बदललं.

आपाची एक निळी पिकअप होती आणि त्या पिकअपचा एक मान होता. दर मे महिन्यात शेतकऱ्यांचा संत, सान इसिद्रो, गावच्या चर्चमधून निघून आरोयो सेकोच्या शेतांत यायचा, पाऊस पडावा म्हणून. तो यायचा तो आपाच्या पिकअपमध्ये. मागच्या हौद्यात लाकडी चौथरा, चौथऱ्यावर संत, संतापुढे नांगराला जुंपलेले प्लास्टरचे दोन बैल. हमरस्त्याने गाडी जोरात यायची, मग शेतांच्या बांधावरून पावलापावलाने फिरायची. आपाला आयुष्यात दुसरा कसलाही मोठेपणा मिळाला नव्हता आणि त्याला तो नकोही होता. सणाच्या आदल्या दिवशी तो गाडी आतून, बाहेरून, खालूनसुद्धा डिझेलने पुसून काढायचा. खालून कशाला, असं कुणी विचारलं तर म्हणायचा, "संत काय फक्त रंगच बघतो?"

गेल्या वर्षी सणाच्या तोंडावर अबुन्दियोने आपाला चार नवे टायर दिले. फुकट. अंगणात येऊन, जॅक लावून, स्वतःच्या हाताने घातले. फिदे खड्ड्याच्या काठावर उभा राहून बघत होता. त्याने तिथल्या तिथे जाहीर केलं, "शाफ्टची क्रॉस पण गेलीय. मी नवी टाकतो." क्रॉस म्हणजे मागची चाकं फिरवणाऱ्या त्या लांब दांड्याच्या टोकाचा सांधा; तो अजून वर्षभर सहज चालला असता. पण भावाने टायर द्यायचे आणि आपण नुसतं बघत बसायचं? मग त्याने शाफ्ट उतरवून गोणपाटावर ठेवला, नवी क्रॉस आणायला गावात गेला, आला आणि दिवस मावळायच्या आत गाडी पायांवर उभी केली.

दुसऱ्या दिवशी संताला घेऊन गाडी हमरस्त्याला लागली, काटा नव्वदवर गेला आणि गाडीला हीव भरलं. हौदा थरथरला, चौथरा थरथरला. संताने मान हलवल्यासारखं झालं आणि डाव्या बैलाचं शिंग तुटून दोन्या रेमिहियाच्या मांडीवर पडलं. ही बाई सणाच्या मंडळाची मुख्य. तिने ते शिंग रुमालात बांधलं आणि वस्तीत उतरल्यावर सगळ्यांसमोर आपाच्या हातात ठेवलं. "संताला गाडी पसंत दिसत नाही, एव्हारिस्तो," एवढंच ती म्हणाली.

आपाने शिंग चिकटवलं, ते वाकडं बसलं. त्यानंतर वर्षभर त्याने गाडी कधी साठच्या वर नेली नाही. मागचे ट्रकवाले भोंगे वाजवून कान किटवायचे, तरी हा आपला कडेकडेने. घरात आला की टोपी काढून बराच वेळ हातात धरून बसायचा. आपल्या हातून संताचं काय चुकलं, हेच त्याच्या मनात घोळायचं.

थरथर शोधायचं काम अर्थातच फिदेने अंगावर घेतलं. त्याचा एक नियम होता, जो त्याने लहानपणी अबुन्दियोलाही शिकवला होता. हात थरथरले तर दोष पुढे, बूड थरथरलं तर मागे. त्याने गाडी नव्वदवर नेली. स्टिअरिंग शांत होतं, सीट मात्र दळण दळत होती. त्याने गाडी न्यूट्रल केली. इंजिन निवांत झालं, थरथर तशीच राहिली. म्हणजे इंजिन नाही. मागे जे फिरतं त्यातलंच काहीतरी. मागे फिरतात दोन चाकं आणि शाफ्ट. दुसऱ्या कुणाची गाडी असती तर फिदेने आधी शाफ्ट बघितला असता.

"टायर," तो घरी येऊन म्हणाला.

मागची चाकं पुढे घातली, पुढची मागे. प्रत्येक टायरला आतल्या बाजूने सुरीने बारीक खूण केली, कारण खूण केल्याशिवाय हा माणूस चाकसुद्धा उतरवत नसे. थरथर होती तिथेच राहिली. बूडच थरथरलं.

"म्हणजे चारही टायर खराब आहेत," फिदे म्हणाला.

त्याची बायको ओतिलिया तव्यावर तोर्तिया उलटत होती. ती मागे वळलीच नाही. "तुला टायर हलवतोय का अबुन्दियो, ते एकदा ठरव."

अबुन्दियोने चारही चाकं मशीनवर चढवली. चारही वेळा शून्य आलं. "मशीन शून्य दाखवतंय, फिदे."

"मशीन तुझंच ना?"

"शाफ्ट एकदा बघू या का? नुसता बघू."

"माझ्या शाफ्टला हात लावायचा नाही!"

तिथे ते वर्षभर अडलं. सणाला आठवडा राहिला तेव्हा दोन्या रेमिहिया अंगणात आली. बसायला बादली पुढे करायची का नाही, याचा फिदे विचार करत होता, तोवर तिने उभ्यानेच सांगून टाकलं. "एव्हारिस्तो, गाडी नीट झाली तर ठीक. नाहीतर या वर्षी संत माझ्या पुतण्याच्या गाडीतून येईल. लाल आहे, पण नवी आहे."

आपाने टोपी घातली, पिकअप सुरू केली आणि सरळ अबुन्दियोच्या दुकानात नेऊन लावली. फिदेने मेस्कीतखालून ती जाताना बघितली. एवढा तो बापाच्या आजारपणातसुद्धा खचला नव्हता.

दुकानाचं शटर दिवसभर खाली होतं. संध्याकाळी आपा गाडी घेऊन हमरस्त्याला गेला आणि हॉर्न वाजवत परत आला. नव्वद, शंभर, काही नाही! नुसती तरंगत होती. माणसं जमली. अबुन्दियो सगळ्यांच्या देखत म्हणाला, "टायरच होता. एक आतून खराब निघाला, मशीनलाही कळला नाही. फिदे बरोबर होता."

फिदेला हर्षवायू व्हायचा तेवढा बाकी राहिला. "मी काय म्हणत होतो? वर्षभर काय म्हणत होतो?" तो प्रत्येकाला धरून विचारत होता. मग त्याचं लक्ष आपाकडे गेलं. आपाने अबुन्दियोच्या खांद्यावर हात ठेवला होता. "चूक कबूल करायला छाती लागते, पोरा. तुला आहे." म्हणजे बरोबर ठरला फिदे, आणि हात पडला अबुन्दियोच्या खांद्यावर. फिदेची भूक मेली. ओतिलियाने केलेलं त्याच्या आवडीचं लाल मिरचीतलं डुकराचं मटण तसंच राहिलं.

सणाच्या सकाळी चर्चसमोर चौथऱ्याचे दोर चासीला बांधायला फिदे गाडीखाली शिरला. दोर बांधता बांधता सवयीने त्याने चाकाच्या आतली बाजू चाचपली. त्याच्या सुरीची खूण तिथे होती. दुसऱ्या चाकालाही होती. तो रांगत पुढच्या चाकांकडे गेला. चारही टायर तेच होते. एकही बदललेला नव्हता.

मग त्याने शाफ्टकडे बघितलं. जिथे शाफ्टचे दोन तुकडे दात्यांनी एकमेकांत बसतात, तिथलं वर्षभराचं ग्रीस पुसलेलं होतं आणि सांध्याच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर पांढऱ्या रंगाच्या दोन ताज्या रेघा होत्या. दोन्ही टोकांच्या क्रॉस एका ओळीत होत्या. म्हणजे वर्षभर नव्हत्या, आणि थरथर त्याचीच होती. त्याला गेल्या वर्षीची ती दुपार आठवली. गावातून तो परत आला तेव्हा गोणपाटावरचा शाफ्ट चकचकीत होता, पुन्हा तसाच जुळवता यावा म्हणून उतरवताना मारलेल्या खडूच्या रेघा कुठे दिसल्या नाहीत, बँडवाले यायची वेळ झाली होती, आणि त्याने डोळ्यांच्या अंदाजाने शाफ्ट बसवला. दोन दाते चुकला होता तो. शिंग त्याने तोडलं होतं. आणि अबुन्दियोने ते पाहिलं, दुरुस्त केलं, वर आळ स्वतःवर घेतला!

शिवी दिली असती तर चाललं असतं. चारचौघांत हसला असता तरी चाललं असतं. पण हे? भाऊ पैशाने पुढे गेला होता, बापाला घेऊन गेला होता, आता चांगुलपणातही त्याने पुढेच जायचं? फिदे गाडीखाली पडून राहिला, आणि वरून दोन्या रेमिहियाने "झोपलास का रे?" म्हणून विचारलं तेव्हा कुठे बाहेर आला.

हमरस्त्यावर गाडी नव्वदने धावली. हौद्यात एका बैलाला फिदे धरून होता, दुसऱ्याला अबुन्दियो. वाकडं शिंग जागचं हललं नाही. गाडीने एकदा तरी थरथरावं, असं फिदेला मनापासून वाटत होतं. देवाला असलं काही मागवत नाही, म्हणून त्याने नुसतं वाटू दिलं.

शेतं फिरून झाली. ओढ्याकाठी नांगराच्या जुन्या तव्यावर मांस, कांदा, मिरची परतायला लागली आणि सगळी वस्ती ताटं घेऊन बसली. सोतोलच्या दारूचा प्याला फिरत होता. आपा आज दहा वर्षांनी लहान दिसत होता. प्याला हातात आला तसा तो उभा राहिला. "संत हलला नाही," तो म्हणाला. "का नाही हलला? माझ्या अबुन्दियोने आपली चूक आपल्या तोंडाने—"

"त्याची नव्हती!" फिदे ओरडलाच. ताट त्याच्या मांडीवरून खाली गेलं. "टायर नव्हता, आपा. शाफ्ट होता. मी दोन दाते चुकवून बसवला. चूक माझी होती, त्याची नाही!"

चुकीचं श्रेयसुद्धा भावाला मिळू नये, म्हणून कुणी इतक्या जोरात गुन्हा कबूल केला असेल असं वाटत नाही. फिदेला एक क्षण मोकळं वाटलं. मग त्याने अबुन्दियोकडे बघितलं. अबुन्दियो आपाकडे बघत होता, आणि त्याचा चेहरा पडला होता.

आपाने प्याला खाली ठेवला. "शाफ्ट," तो हळूच म्हणाला. "तो गोणपाटावर होता ना? मीच पुसला तो. डिझेलने. संताची गाडी, म्हटलं सगळं स्वच्छ असावं. त्याच्यावर पांढऱ्या रेघा होत्या दोन." त्याने टोपी काढून हातात घेतली. "त्या कशाच्या होत्या, फिदे?"

अबुन्दियो त्या दिवशी अंगणात टायर घालत होता. त्याने आपाला पुसताना बघितलं असणार. शाफ्ट उघडल्यावर त्याच्या सगळं लक्षात आलं असणार. फिदेला आता उमगलं की टायरची ती थाप त्याच्यासाठी नव्हतीच. ती म्हाताऱ्यासाठी होती. म्हाताऱ्याला आयुष्यभर असं वाटू नये, की संताचं शिंग आपल्याच हाताने तुटलं. आणि आपण आत्ता ओरडून काय केलं, तेही त्याला उमगलं.

"त्या?" फिदे म्हणाला. "त्या जुन्या होत्या, आपा. मागच्या कुठल्यातरी कामाच्या. पुसल्या ते बरंच झालं."

"मग तुझी खूण?"

"मी केलीच नाही." तो सांडलेलं ताट उचलायला वाकला. "घाईत विसरलो. खूण न करताच उतरवला."

क्षणभर कुणाला खरं वाटेना. मग ओढ्याकाठी असा काही हशा उठला की बँडवालेही वळून बघायला लागले. "खूण न करता? फिदे, तू?" "अरे, याने माझ्या खाटेचे पाय काढतानाही खुणा केल्या होत्या!" "उद्यापासून तुझ्याकडे हातगाडीसुद्धा आणायची नाही!" दोन्या रेमिहिया शालीचं टोक तोंडाला लावून हसत होती. फिदे मान खाली घालून सगळं ऐकत राहिला.

आपा हसत नव्हता. तो फिदेकडे बराच वेळ बघत राहिला. मग त्याने टोपी परत डोक्यावर ठेवली, जरा तिरकी, पूर्वी ठेवायचा तशी.

"गाढवा," तो म्हणाला. इतक्या प्रेमाने त्याने फिदेला कित्येक वर्षांत शिवी दिली नव्हती. "तुझ्यावर नजर ठेवायलाच हवी. उद्या सकाळी येतो. बादली आहे ना अजून?"

"आहे," फिदे म्हणाला.

समोर अबुन्दियोने हातातली तोर्तिया ताटात ठेवली आणि तो हात पुसायला लागला.