गोड बोलून गाडीत भरलेली माणसं

जेवायला बोलावलं म्हणून आईनं माझी वेणी घातली. एसटी स्टँडच्या नळावर माझं तोंड धुतलं, पदरानं खसाखसा पुसलं. यात्रेची पंगत होती. कमिटीचा माणूस स्वतः आला होता. हात जोडून म्हणाला, "चला माऊली, पोरीला बी घ्या. गरम बुंदी हाय." स्टँडवर झोपणाऱ्या आम्हाला तोवर कुणी हात जोडले नव्हते. आई लाजली.

टेम्पोत आमच्यासारखेच आणखी काही जण होते. एक आंधळा म्हातारा, स्वतःशी बडबडणारी एक बाई. टेम्पो देवळाकडं वळलाच नाही. पेठ गावाच्याही पुढं गेला आणि हायवेच्या कडेला थांबला. त्याच माणसानं टेम्पोचा मागचा फाळका पाडला.

"उतरा. यात्रा उरकंस्तवर गावात दिसला तर तंगड्या मोडीन."

आईनं विचारलं, "आन पंगत?"

तो हसला. ड्रायव्हरही हसला. पोरगी भुकेली होती म्हणून आईनं विचारलं. त्यात हसण्यासारखं काय होतं, हे मला आजही कुणीतरी सांगावं.

तोंडाला पानं पुसणं म्हणजे काय, हे मला शाळेत शिकवावं लागलं नाही. मारून हाकललं असतं तर आईनं चार शिव्या घातल्या असत्या. भांडायला ती कमी नव्हती. पण गोड बोलले, म्हणून मुकाट चढली. लाज त्यांना वाटायला हवी होती. वाटली आईला. पुढं मरेपर्यंत ती कुणाच्या पंगतीला बसली नाही.

मी वसतिगृहात राहून शिकले. आता बेघरांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत आहे. जुन्नर-आंबेगावात कुठं स्टँडवर, बाजारात "तुमचा येडा" भडकला की मला फोन येतो. "तुमचा" हा शब्द कुणी विसरत नाही. राबत होता तोवर गावाचा, वेडा ठरला की माझा.

असाच एकदा यात्रेच्या आदल्या दिवशी फोन आला. गाव कुठलं ते सांगत नाही. सांगितलं तर एकाच गावाला बोल लागेल आणि बाकीची सुटतील.

देवळापुढं गर्दी होती. मधोमध रामदासकाका, हातात धोंडा. निरगुडसर गावाकडं एका शेतकऱ्याकडं वर्षानुवर्षं सालगडी म्हणून राबलेला माणूस. कंबर गेली तशी मालकानं वाट दाखवली. तेव्हापासून या देवळाच्या ओवरीत झोपायचे. पोरं मोबाईल धरून त्यांची मजा बघत होती.

कमिटीच्या अध्यक्षांनी मला बाजूला घेतलं. "मॅडम, तुमी फकस्त गोड बोलून धोंडा खाली ठिवायला लावा. पुढचं आमी बघतो."

"झालं काय?"

"कुटं काय! ओवरी धुतली टँकरनं. उद्या पावणं येणार, घाण नको."

घाण म्हणजे काकांची गोधडी. काका तिथं बसलेले असताना पाइप सोडला. अंथरूण, बोचकं, बोचक्यातली भाकरी, सगळं भिजवलं. पलीकडं शर्यतीच्या बैलांना मांडव होता, पंखे होते, अंगावर झुली होत्या. बैलांचा मला राग नाही. माझं अंथरूण कुणी भिजवलं तर मीही गाव डोक्यावर घेईन, आणि लोक म्हणतील, बाई स्वाभिमानी आहे. काकांनी धोंडा उचलला तर ते वेडे.

मी पोरांना मोबाईल खिशात घालायला लावले, मागं सरकवलं. काकांना निघून जायची वाट मोकळी ठेवली. कोंडलेला माणूस जास्त घाबरतो आणि घाबरला की मारतो. मग लांबच, थोडी बाजूला, जमिनीवर बसले. दोन्ही हात त्यांना दिसतील असे मांडीवर ठेवले. ते शिव्या देत होते, देऊ दिल्या. एकही शिवी खोटी नव्हती.

दम लागला तसे ते थांबले. मी म्हणाले, "काका, सगळं भिजवलं ना त्यांनी."

"समदं. गोधडी पिळून बी वाळायची न्हाई आता." त्यांनी रस्त्याकडं पाहिलं. "मला गाडीत घालून नेत्याल गं हे."

"कुणी हात लावणार नाही. माझा शब्द आहे."

मग काकांनी धोंडा हळूच खाली ठेवला, अंडं ठेवावं तसा.

आणि मागून पिकअप रिव्हर्स आली. फाळका पाडलेला. दोघं-तिघं काकांकडं सरकले. अध्यक्ष म्हणाले, "लई झ्याक काम केलं मॅडम. आता बाजूला व्हा."

डोक्यात तिडीक गेली. केसानं गळा कापायचा होता यांना, आणि त्यासाठी मला बोलावलं होतं. माझं जमिनीवर बसणं, हळू बोलणं, माझा शब्द, सगळं त्या गाडीत माणूस भरण्यासाठी.

मी उठले नाही. सरकून काकांना खेटून बसले, त्यांचा हात धरला. ओरडावंसं वाटत होतं. ओरडले असते तर काका पुन्हा बिथरले असते. म्हणून दात-ओठ खात, हळूच म्हणाले, "मी यांना शब्द दिलाय. यांना न्यायचं तर आधी मला उचलून गाडीत टाका. आणि पोरांनो, आता काढा मोबाईल. करा शूटिंग."

सगळे जागच्या जागी थांबले. अध्यक्षांचं तोंड वाकडं झालं. "तुमी आमच्या बाजूनं हाय का त्याच्या?"

"त्यांच्या."

पिकअप रिकामी गेली. मी मांडवातली एक कोरडी सतरंजी उचलली, कुणाला न विचारता, आणि ओवरीत काकांना अंथरून दिली.

संध्याकाळी संस्थेतल्या सरांचा फोन आला. "तुम्हाला शांत करायला पाठवलं होतं, गावाला दुखवायला नव्हे."

मी विचारलं, "सर, शांत कुणाला करायचं असतं? ज्याची गोधडी भिजली त्याला, की ज्यानं पाइप सोडला त्याला?"

सर म्हणाले, "जरा प्रॅक्टिकल व्हा."

नाही होणार. नोकरी जायची तर जाऊ दे. आता कुठूनही फोन आला की मी आधी विचारते, तो शांत झाल्यावर त्याचं काय करणार आहात? उत्तर नाही मिळालं तरी मी येईन. त्याच्या आणि तुमच्या मध्ये बसेन, कुणाचंही रक्त सांडू देणार नाही. पण हातातला धोंडा खाली ठेव, असं त्याला माझ्या तोंडून तुम्हाला ऐकवता येणार नाही. आधी तुमची गाडी हलवा. मग मी त्याच्याशी बोलेन.