पळवलेला मधला भाग

आमच्या हिंदी शहरातल्या गोरखपूर मोहल्ल्यात, आमच्या मराठी मंडळात गणपतीतल्या रविवारी टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने यायचा, आणि दरवर्षी एकच भांडण व्हायचं. मोठ्यांना मराठी सिनेमा हवा असायचा, मुलांना हिंदी. शेवटी तोडगा म्हणून कुंग-फूचा एक विनोदी सिनेमा लागायचा. त्याची चिनी भाषा कोणालाच कळत नव्हती, म्हणून कोणाची तक्रार नसे.

मला तो मनापासून आवडायचा. एक वाया गेलेला मुलगा गुंडांचा मार खातो, एका म्हाताऱ्या गुरूकडे शिकतो आणि शेवटी स्टूल, छत्री, हाताला येईल ते घेऊन त्याच गुंडांना लोळवतो. सगळे म्हणत, टाइमपास आहे. मला तसं वाटत नसे. तो पडला की हसू यायचं हे खरं, पण असं पडायलासुद्धा किती सराव लागला असेल, हेच माझ्या डोक्यात घोळायचं.

नेमका तो सराव मी कधी पाहिला नव्हता. रिमोट माझ्या काकांच्या हातात असायचा. मुलगा पाण्याच्या बादल्या घेऊन डोंगराच्या पायऱ्या चढायला लागला की पोरं ओरडायची, "काका, आगे बढ़ाओ ना!" काका बटण दाबायचे. पडद्यावर आडव्या रेघा यायच्या, तो मुलगा मुंगीसारखा तुरुतुरु वरखाली धावायचा, गुरूची दाढी फडफडायची आणि सगळे पोट धरून हसायचे. बघता बघता शिकणं संपून मारामारी सुरू व्हायची.

कॉलेजच्या पहिल्या वर्षी मला केमिस्ट्रीत सप्लीमेंटरी आली. माझ्याआधी घरातलं कोणी कॉलेजात गेलं नव्हतं. नापास झाल्यावर पुन्हा अभ्यासाला कसं बसायचं, हे विचारावं तरी कोणाला? परीक्षा गणपतीनंतर लगेच होती. मी ठरवलं, मार खाल्ल्यावर तो मुलगा काय काय करतो ते या खेपेला पूर्ण पाहायचंच.

पायऱ्या आल्या. काकांनी बटण दाबलं.

"काका, थोडं मागे घ्या ना," मी म्हणाले. आवाज जेमतेम निघाला.

"काहून वं?"

"तो कसा शिकते, ते पाहाचं आहे."

"त्यात काय पाहाचं? नुसता पाणी भरून राहिला. तेच पाहाचं असन तर सकाळी नळावर ये!"

सतरंजीवर हशा पिकला. मागून एक पोरगा म्हणाला, "दीदी भी लड़ेगी क्या?" मी खाली मान घालून बसले. शेवटच्या मारामारीला टाळ्या पडल्या, पण माझं तिकडे लक्षच नव्हतं.

सिनेमा संपल्यावर सगळे प्रसादाच्या पंगतीला उठले. मी पुन्हा काकांजवळ गेले. "आता लावता का? तेवढाच भाग."

ते वायर गुंडाळत होते. "कॅसेट ओमती बाजारातल्या दुकानात परत द्याची आहे. अन् शेवटी जिंकला ना तो? मंग झालं तर!"

घरी परतताना बाबा सोबत होते. ते कारखान्यात कामाला होते. सिनेमा त्यांनी एका कोपऱ्यात बसून पाहिला होता. चालता चालता एकदम म्हणाले, "त्या पोरानं किती दिवस पाणी भरलं असन?"

"ते दाखवलंच नाही ना, बाबा."

"दाखवाले पाहिजे होतं."

मला हुरूप आला. वाटलं, आता सांगावं, की मी पुस्तक उघडते आणि पहिल्याच धड्यात अडते, मागचं काही येत नाही म्हणून आणखी मागे जाते. मला वेळ लागतो. शब्द जुळवत होते, तोवर आमचं दार आलं.

"पण तू तर पास होशीन ना?" कुलूप काढता काढता बाबांनी विचारलं.

"हो, बाबा," मी म्हणाले.