बेबीआत्याची शिकवणी

बेबीआत्याला कुणावर ओरडता येत नसे. आमच्या घरात हे वैगुण्यच मानलं जाई. आजोबा ओरडत, बाबा ओरडत, आजी तर देवाशीसुद्धा भांडून बोले. बेबीआत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. आम्ही राहायचो त्या अंधेरीतल्याच एका बालवाडीत ती नुकतीच शिकवायला लागली होती आणि तिचं मत ठाम होतं : "चुकलं तर गप्प बसायचं, जमलं तर डोक्यावर घ्यायचं. पोर असो की पिल्लू!"

पिल्लाचा विषय त्या पावसाळ्यात निघाला. आम्हाला सुकी मासळी देणाऱ्या वर्सोव्याच्या मावशींची कुत्री व्यायली होती. "एक घेऊन जा गो बाय, गुणाचा हाय," मावशी म्हणाल्या आणि आत्या तिथेच हरखली. आजोबांनी अट घातली, "गणपतीत आरतीला भुंकलं, तर त्याच दिवशी परत वर्सोव्याला. मग रडारड चालणार नाही."

पिल्लू आईचं दूध सोडेपर्यंत वेळ होता. तेवढ्यात आत्याने आम्हालाच शिकवायला घेतलं. बाबा म्हणणार 'सिट डाउन', आजी म्हणणार 'टेक रे बाळा', मग पिल्लाने ऐकायचं कुणाचं? आत्याने जाहीर केलं, "शब्द एकच. बस! सगळ्यांनी तोच." मग तालीम. पिल्लू मी. मी रांगत यायचं, आत्याने "बस" म्हणायचं, मी बसले की लगेच तोंडात भाजलेली सुकट आणि "शाब्बास गं माझी राणी!" मला त्यात इतकी गंमत वाटे की शाळेतून आल्याबरोबर दप्तर टाकून मी रांगायला लागे. "हिलाच पट्टा आणा," बाबा म्हणाले.

आत्याने डबाभर सुकट भाजून ठेवली. पिल्लू घरी आलं, त्याचं नाव बंड्या ठेवलं, तो सगळ्यांच्या पायांत लुडबुडला, आणि दुसऱ्याच दिवशी श्रावण लागला! एवढ्या तयारीत कॅलेंडर कुणी बघितलंच नव्हतं. आजीने डबा उचलून थेट शेजारी देऊन टाकला. "श्रावणात घरात सुकट? डोकं ठिकाणावर आहे ना बेबी?"

"वाट लागली गं," आत्या मला म्हणाली.

सुकटीऐवजी दिलेले फुटाणे बंड्याने थुंकून टाकले. भाकरी हुंगून तो चालता झाला. आत्याचा धीर सुटत चालला होता. मग नारळी पौर्णिमेला आजी नारळ खवत बसली आणि हा पठ्ठ्या आपणहून तिच्यासमोर येऊन बसला, मान वर करून. आत्या धावलीच. "शाब्बास रे बंड्या!" म्हणत तिने खोबऱ्याचा तुकडा त्याच्या तोंडात घातला. मग काय, खोबरं आणि 'बस', खोबरं आणि 'बस'. आरतीच्या आवाजाची सवय व्हावी म्हणून रोज संध्याकाळी मी लांब गॅलरीत थाळी वाजवायची, मग थोडी जवळून. बंड्या गप्प राहिला की खोबरं.

गणपती बसले. आरती सुरू झाली, झांजा कडाडल्या, आणि आमच्या लक्षात आलं की बंड्याच्या नाकासमोर खिरापतीचं ताट आहे. खिरापत म्हणजे काय, खोबरंच! आत्या आरती विसरून नुसती "बस, बस" पुटपुटत होती. बंड्याची लाळ जमिनीवर टपटपत होती, अंग थरथरत होतं. पण तो उठला नाही, भुंकला नाही, मंत्रपुष्पांजलीपर्यंत!

आजोबा पुढे झाले. खिरापतीची चिमूट त्यांनी स्वतः बंड्यापुढे धरली. "शाब्बास," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होते. आत्याने मला उचलून गरगर फिरवलं.

पुढच्या वर्षी आत्याचं लग्न झालं. सासर चेंबूरचं, आणि बंड्याला न्यायला तिकडची मंडळी राजी होती. पण निघायच्या दिवशी आजोबा त्याची साखळी हातात घट्ट धरून गॅलरीत बसून राहिले. "त्याला तिथे करमायचं नाही," कुणाकडे न बघता ते म्हणाले.

आत्याचे डोळे भरून आले. तिने बंड्याला पोटाशी धरलं, मग मला बाजूला घेतलं.

"राहू दे इथेच. तुझ्या आजोबांना शाब्बास म्हणायची सवय लागलीय गं. ती मोडता कामा नये."